डावखुरा पिचर, मुक्काम परतवाडा

अमेरिकेत बेसबॉलचे सामने संध्याकाळी होतात, म्हणजे आमच्याकडे पहाटे. म्हणून अमरावतीतलं आमचं ऑफिस सकाळी सातलाच उघडतं. खाली कृषी केंद्र आहे, वर आम्ही. फवारणीच्या औषधांचा वास जिन्यावरून वर येतो आणि त्या वासात बसून आम्ही टेक्सास, ओहायो, मिशिगन इथल्या मुलांच्या दुखऱ्या खांद्यांबद्दल लिहितो.

काम असं असतं. अमक्या संघाने तमक्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, घेतलं अशी बातमी अमेरिकेत छापून येते. ती वाचायची आणि तिचा असा ब्लॉग करायचा की गूगलवर मूळ बातमीच्याही वर तो दिसावा. लिहायचं इंग्रजीत. वाचणारा तिकडे असतो आणि लिहिणाराही तिकडचाच असावा असं तो धरून चालतो. लेख चांगला की वाईट हे आम्ही ठरवत नाही, ते टूल ठरवतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक दिवा असतो, लाल, पिवळा किंवा हिरवा. लोक जे शब्द शोधतात ते लेखात पुरेसे आले आणि लोक जे प्रश्न विचारतात ते मथळ्यांत आले, की दिवा हिरवा होतो. दिवा हिरवा झाला की लेख गेला.

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आहे. जाहिरातीत ‘क्रीडा विश्लेषक, विज्ञान पदवीधरांना प्राधान्य’ असं होतं. रुजू झाल्यावर मी बेसबॉलच्या नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. ऑफिसात तसं करणारी मी एकटीच निघाले. पूर्ण सामना तर कोणीच पाहिला नव्हता, कारण सामना चालू असतो तेव्हा आम्ही त्याच्याबद्दल लिहीत असतो. फिरता चेंडू हवेत का वळतो यावर मी एक लेख लिहिला. मालक देवानंदभाऊंनी तो वाचला आणि विचारलं, “मंजुषा, हे कोणी इचारते का?” टूलमध्ये पाहिलं. दिवा लाल. लोक विचारत होते ते वेगळंच: त्याची उंची किती, आईवडील काय करतात, संपत्ती किती, गर्लफ्रेंड कोण.

अडचण अशी की ज्या मुलाला काल संघात घेतलं त्याच्याबद्दल कोणालाच काही माहीत नसतं. मी येण्याआधी लेखातल्या या रिकाम्या जागा किशोर मेहरे भरायचा. तो आमच्याकडचा सगळ्यात जलद लिहिणारा. त्याचे पिचर वाचून मला वाटे, ही स्थळं आहेत. वडिलांची बागायती शेती, कुटुंब सुशिक्षित, मुलगा निर्व्यसनी. एका निर्व्यसनी मुलाच्या फोटोत त्याच्या गालात तंबाखूचा बकाणा स्पष्ट दिसत होता.

“हे कुठून आणलं?” मी विचारलं.

“टेक्सासचा आहे,” किशोर म्हणाला. “शेती असनच नं.”

मी भांडले. शेवटी नियम ठरला की जिथे माहिती नाही तिथे ‘याबाबत खात्रीलायक माहिती उपलब्ध नाही’ असं लिहायचं. देवानंदभाऊंना हा नियम आवडला. सत्यासाठी नाही. मथळा कायम राहतो, खाली एक वाक्य वाढतं आणि कोणी नोटीस पाठवू शकत नाही. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पिचरच्या गर्लफ्रेंडबद्दल खात्रीलायक माहिती उपलब्ध नाही.

किशोर परतवाड्याजवळचा. घरी झेंडू, शेवंती आणि थोडा भाजीपाला. दिवाळीनंतर त्याच्यासाठी तेल्हाऱ्याच्या खुशालराव अढाऊंच्या मुलीचं स्थळ आलं. मुलगी सीमा अकोल्याला आत्याकडे राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मुलगी पाहायला गेला तेव्हा तिने त्याला एकच प्रश्न विचारला, “बेसबॉलमध्ये एका बाजूनं किती गडी असते?” बेसबॉलवर शेकड्यांनी लेख लिहिलेला हा माणूस म्हणाला, “पाहून सांगतो.” ती हसली. बस, तिथून किशोर कामातून गेला. परत आल्यावर त्याने मला विचारून घेतलं, नऊ असतात, आणि ते सांगायला तिला फोन केला. पुढचे फोन कशावर होते मला माहीत नाही, पण ते लांब असत.

खुशालराव सावध माणूस. कापूस आणि वांगी करतात आणि वाफ्यातल्या रोपासारखं प्रत्येक गोष्ट उचलून मूळ पाहतात. त्यांनी रीतसर चौकशी केली. परतवाड्यात ओळखीचा माणूस पाठवला. त्याने किशोरच्या घराशेजारी, फुलबाजारात आणि किराणा दुकानात विचारलं. सगळीकडून पोरगा चांगला असंच आलं. आता फक्त नोकरीचं कळायचं होतं. ते काम त्यांनी अकोल्यातल्या भाच्यावर सोपवलं. हा देवमन मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. देवमनने किशोरचं नाव गूगलवर टाकलं. काहीच आलं नाही.

“मामाले सांगून राह्यला तो,” किशोर दुसऱ्या दिवशी सांगत होता, “की अमेरिकेच्या मीडियात आहे म्हणते अन् गूगलवर नावच नाई, असा कसा माणूस? अन् खुशालराव काकाजी म्हणते, बराबर आहे.”

“आपल्या लेखांवर आपलं नाव नसतं हे सांग.”

“सांगलं. मंग म्हणे, मुद्दाम नाव लपवून करता असा कोणता धंदा?”

हा प्रश्न वाईट नव्हता. पण किशोरला त्यातून वेगळंच सुचलं. अलाबामातल्या कोणाही पोट्ट्याला आपण दोन दिवसांत गूगलच्या पहिल्या पानावर नेतो, मग आपण स्वतः काय वाईट आहोत? देवानंदभाऊंनी परवानगी दिली, त्यांना तो प्रयोग वाटला. लेखाचं नाव होतं, ‘किशोर मेहरे कोण आहे? वय, शिक्षण, कुटुंब, करिअर’. साइट बेसबॉलची असल्यामुळे प्रत्येक लेखाला संघ किंवा खेळाडू असा कुठला तरी विभाग द्यावाच लागतो. त्याने ‘उगवते खेळाडू’ निवडला.

लेख खरा होता. मी तपासला. जन्म, गाव, बी.कॉम., वडिलांची फुलशेती, क्रीडालेखनातला अनुभव. त्याने लिहिलेल्या सगळ्या लेखांत हाच पहिला लेख असेल ज्यात एकही गोष्ट अंदाजाने नव्हती. आणि दिवा पिवळा राहिला.

किशोरने वाक्यं लांब केली, नाव आणखी वेळा घातलं. दिवा पिवळाच. टूल सुचवत होतं की या प्रकारच्या लेखात एक प्रश्न राहिला आहे.

“नको टाकू तो,” मी म्हणाले.

“पिवळ्यावर टाकला तं वर येत नाई.”

“थोडा खाली येईल. तुझं नाव शोधणारा माणूस एकच आहे, देवमन. त्याला सापडेल.”

“मंजुषा, मी आजपर्यंत पिवळा लेख टाकला नाई,” किशोर म्हणाला. हे तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की जणू मी त्याला चोरी करायला सांगत होते. त्याने मथळा टाकला, ‘किशोर मेहरेची गर्लफ्रेंड कोण आहे?’ आणि खाली ऑफिसच्या नियमाप्रमाणे आमचं वाक्य. दिवा हिरवा झाला.

लेख वर आला. पहिला नंबर. किशोरने सगळ्यांना गिला वडा खाऊ घातला.

खुशालराव चौथ्या दिवशी सकाळी, आमचा चहा यायच्या आधी, ऑफिसात उभे होते. पांढरा पायजमा-शर्ट, खांद्यावर रुमाल, मागे देवमन. जिना चढून आल्यामुळे त्यांना थोडी धाप लागली होती, पण त्यांनी खुर्ची घेतली नाही.

“किशोरभाऊ,” ते म्हणाले, “देवमननं तुमचं नेटवरचं वाचून दाखवलं. फोन मराठीत करून देते आताशा. बाकी समदं ठीक आहे.”

“हौ काकाजी.”

“ते लिहिलं कोणी?”

किशोरला वाटलं, कौतुक आहे. “मीच लिहिलं काकाजी.”

“तुमीच लिहिलं.” खुशालरावांनी देवमनकडे पाहिलं, मग परत किशोरकडे. “मंग मले एक सांगा. तुमाले गर्लफ्रेंड हाय का नाई, याची माहिती तुमच्याजवळच उपलब्ध नाई, तं कोणाजवळ जाऊ मी?”

ऑफिसात कीबोर्डांचा आवाज थांबला.

“काकाजी, ते तसं नाई. ते समद्यांतच असते. थांबा, दाखवतो.” किशोरने भराभर लेख उघडले. ओहायोचा पिचर, उपलब्ध नाही. टेक्सासचा, उपलब्ध नाही. देवमन पडद्यावर वाकून फोनने एकेक ओळ मराठीत करत होता आणि मामाला सांगत होता, “याचंबी नाई माहीत. याचंबी नाई.”

“म्हणजे अथी कोणालेच कोणाबद्दल काई माहीत नाई,” खुशालराव म्हणाले.

देवानंदभाऊ केबिनमधून बाहेर आले. त्यांना मदत करायची होती, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. “काकाजी, तुमी अजिबात चिंता करू नका. किशोर आमचा नंबर एकचा पोरगा. हा जे लिहीन ते लोक खरंच मानते. अमेरिकेतले मानते, मंग आपले काहून नाई मानणार?”

“तेच तं,” खुशालराव म्हणाले. “तेल्हाऱ्यात समद्यायनं मानलं.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. लेख देवमनने घरच्या ग्रुपवर टाकला होता, अभिमानाने. तिथून तो सोयऱ्यांत गेला. खुशालरावांनी खात्रीसाठी परतवाड्यातल्या त्याच माणसाला पुन्हा पाठवलं. तो त्याच किराणा दुकानात, त्याच फुलबाजारात गेला. महिन्यापूर्वी ज्यांनी पोरगा चांगला असं सांगितलं होतं ते आता म्हणत होते, पोरगा चांगला आहे, पण नेटवर काहीतरी आलंय म्हणतात. चौकशी म्हणजे एकमेकांशी न बोललेल्या माणसांना एकच प्रश्न विचारणं. आता सगळे आधीच बोलून बसले होते, आणि बोलण्याचा मूळ धागा आमच्या ऑफिसातून निघाला होता.

“ते पुसा,” खुशालराव जाताना म्हणाले. “पुसल्यावर बोलू. पोट्टीचं लग्न आहे, माहितीचा खेळ नाई.”

लेख त्याच मिनिटाला पुसला. संध्याकाळी देवमनचा फोन आला की अजून दिसतो आहे. किशोरने पाहिलं. आमचा नव्हता. दुसरा होता.

हे मला आधीच सुचायला हवं होतं. आम्ही जसं अमेरिकेतल्या बातम्यांचे ब्लॉग करतो, तसे आमच्या ब्लॉगचे ब्लॉग करणारे लोकही आहेत. कुठे बसतात माहीत नाही. पण हिरव्या दिव्यासाठी पहिल्या नंबरचा लेख उचलणं ही काही आमची एकट्याची कला नाही. मी ते सगळे लेख गोळा केले आणि कोणी कोणाचं उचललं ते बाण काढून शोधलं. आम्ही लिहिलं होतं, माहिती उपलब्ध नाही. दुसऱ्याने लिहिलं, किशोर आपलं खासगी आयुष्य लोकांपासून दूर ठेवतो. तिसऱ्याने लिहिलं, किशोरने आपलं नातं लोकांपासून दूर ठेवलं आहे. चौथ्याचा मथळा होता, ‘किशोर मेहरेच्या गुप्त प्रेयसीबद्दल पाच गोष्टी’. प्रत्येकाने फक्त एखादा शब्द हलवला होता. यातला एकही खोटारडा नव्हता, आणि शेवटी एक प्रेयसी तयार होती.

‘उगवते खेळाडू’ या विभागाचाही त्यांनी मान राखला होता. चौथ्या लेखात किशोर महाराष्ट्रातल्या परतवाडा इथला डावखुरा पिचर होता आणि त्याच्या खांद्याची दुखापत आता बरी होत होती.

“डावखुरा काहून?” किशोरने विचारलं.

“आपल्या लेखातल्या फोटोत तुझा चहाचा कप डाव्या हातात आहे.”

त्याने फोटो पाहिला. सीमाने फोन उचलणं बंद केलं होतं. तिच्या घरून कोणी नाही म्हटलं नव्हतं, पण साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची बोलणी थांबली होती. आमच्याकडे हे नाही म्हणण्यापेक्षा वाईट. नाही म्हटलं की माणूस दुसरं स्थळ पाहतो.

देवानंदभाऊंच्या डोक्यात मात्र वेगळं चाललं होतं. त्यांनी साइटवर येणाऱ्यांचे आकडे पाहिले होते. “लेका, तेल्हाऱ्यातून कधी ट्रॅफिक आलं होतं का आपल्याले? अकोट, अकोला, परतवाडा. समदे तुलेच शोधून राह्यले. अन् आपलाच लेख नाई! चौथ्या नंबरवाला खाऊन राह्यला आपलं.” ते थोडे थांबले. “फक्त एक लेख टाक. ‘किशोर मेहरेचं लग्न ठरलं का?’ खाली लिहू, उपलब्ध नाई. खरंच आहे नं ते.”

मला भीती वाटली ती याची, की किशोर पडद्याकडे पाहत होता आणि मथळ्याचे शब्द मोजत होता.

पुढच्या रविवारी खुशालरावांनी त्याला अकोल्याला बोलावलं, बहिणीच्या घरी. एकदाच बोलून काय ते संपवू, असा निरोप होता. किशोरने मला सोबत यायला सांगितलं.

“मी कशाला?”

“ते नक्कल करणारे, बाण-बिण, ते तुलेच समजावता येते. मी बोललो तं ब्लॉगसारखं होते.”

बडनेऱ्याहून आम्ही बस धरली. मी एका कागदावर सगळं काढून घेतलं होतं. पहिला लेख, त्यातून निघणारे बाण, प्रत्येक बाणावर बदललेला शब्द. मला ते सुंदर वाटत होतं. किशोर खिडकीतून बाहेर पाहत होता आणि ओठ हलवत काहीतरी पाठ करत होता.

सीमाच्या आत्याचं, केशरबाईंचं, घर अकोल्यात जुन्या शहरात आहे. दार त्यांनीच उघडलं. किशोरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग आत तोंड करून म्हणाल्या, “खुशाल, ये रे बाप्पा. पोट्टी नाई हे सांगाले हा पोट्टीच घेऊन आला!”

हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. एका बी.कॉम.च्याही नाही आणि एका एम.एस्सी.च्याही नाही.

आत खुशालराव, देवमन आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी सीमा. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. लॅबमधल्यासारखे घट्ट बांधलेले केस आणि हाताची घडी. आम्हाला पाणी दिलं. फक्त पाणी.

मी कागद काढून टीपॉयवर पसरला आणि समजावलं. खुशालरावांनी शेवटपर्यंत ऐकलं, एकदाही मध्ये बोलले नाहीत. देवमनला तर पटलंच, तो म्हणाला, “मामा, हे व्हायरससारखं असते.” खुशालरावांनी बोट ठेवलं ते सगळ्यात डावीकडच्या चौकोनावर.

“हे समदं ठीक. पण हा पयला बाण तं यायनंच सोडला नं?”

“हो,” मी म्हणाले. ते खरंच होतं.

तेवढ्यात सीमा बोलली. आवाज शांत होता. “हे कागद राहू द्या. आहे का कोणी?”

हा प्रश्न किशोरला आतापर्यंत कोणीही विचारला नव्हता. त्याच्या वडिलांना विचारला होता, शेजाऱ्यांना, किराणावाल्याला, गूगलला.

“नाई,” किशोर म्हणाला.

“मंग असंच लिहाले काय झालं होतं? आमच्या लॅबमंधी ‘उपलब्ध नाई’ असं लिहिलं तं डॉक्टर रिपोर्ट तोंडावर फेकते.”

“दिवा हिरवा होत नाई त्याच्यानं,” किशोर म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्यालाच ते कसं ऐकू येतंय हे कळलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले.

“पोट्टा सोताबद्दल नाईच म्हणीन,” केशरबाई म्हणाल्या. “आंबट म्हणून कोणी बोरं इकते का?” आणि माझ्याकडे वळून, “तू कोण म्हणे? रोज बाजूले बसतं नं याच्या?”

“हो. दोन वर्षं.”

“अन् आज एवढ्या दूर आली याच्यासाठी. बसमंधी. बाजूलेच बसून.”

सगळ्यांचे डोळे माझ्यावर आले. सीमाचेही. देवमनने तर हळूच फोन काढला, मला शोधायला असावा. मी तयार केलेली वाक्यं आठवायला लागले. माझ्या निरीक्षणानुसार तशी शक्यता कमी आहे. पण तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे खरोखरच ते चित्र आलं, मी आणि किशोर, हार घातलेले, आणि मला हसू फुटलं. आवरेना. तोंडावर ओढणी धरली तरी आवरेना.

“याच्याशी?” मी म्हणाले. “माय गं. याच्याशी?”

“काहून?” केशरबाई जरा रागावल्याच. “काय वाईट आहे त्याच्यात?”

“मावशी, डबा खाल्ला की हा कीबोर्डावर डोकं टाकून घोरतो. लेखात मधेच एवढी मोठी ‘ज्ज्ज्ज’ उमटते, ती मीच पुसते. चपला स्वतःच्या टेबलाखाली काढत नाही, माझ्या टेबलाखाली काढतो. दिवसातून तीनदा आईला फोन, तोही स्पीकरवर. आज किती शेवंती तुटली, कोणत्या वाफ्यात पाणी सोडलं, सगळं आम्हाला तोंडपाठ आहे. माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता घेतो. आणि अजून, एवढ्या लेखांनंतर, संघांची नावं याला येत नाहीत. लाल टोपीवाले, निळ्या टोपीवाले! गर्लफ्रेंडला वेळ कुठून आणणार हा? आणि याला पसंत करणार कोण?”

मी थांबले तेव्हा लक्षात आलं की एवढं सलग मी तोंडी परीक्षेतही बोलले नव्हते. खुशालरावांच्या मिशीत काहीतरी हललं. केशरबाईंचा चेहरा निवळला होता. माझ्याबद्दलची त्यांची शंका मिटली हे उघड होतं. देवमनने फोन खिशात ठेवला.

“खरं बोलली,” खुशालराव म्हणाले. “हे काई पाठ केलेलं नाई.”

“हौ बाबा, खरं बोलल्या,” सीमा म्हणाली. “पण मंग मी काहून करू?”

मी कागदाकडे पाहिलं. त्यात याचं उत्तर नव्हतं. प्रेयसी नसल्याचा माझा पुरावा इतका भक्कम निघाला होता की त्यातून बायकोही वाचत नव्हती. किशोरने माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. मग तो सीमाकडे वळला. बसमध्ये पाठ केलेलं आता तो म्हणणार असं मला वाटलं.

“चपला दाराबाहेर काढीन,” तो म्हणाला.

सीमाच्या हाताची घडी तशीच होती.

“लोणचं इचारून घेईन.”

“अन् घोरणं?”

किशोरने विचार केला. खरा विचार केला, टूलकडे पाहून करतो तसा नाही. “त्याचं मले सांगता येत नाई,” तो म्हणाला. “मी झोपेत असतो.”

सीमा हसली. तोंड फिरवून हसली, पण खांदे हलले ते सगळ्यांनी पाहिलं. हसू थांबल्यावर ती आत्याला म्हणाली, “आत्या, मी चहा ठेवतो,” आणि आत गेली. खुशालरावांनी खांद्यावरचा रुमाल काढून मांडीवर घेतला. मी तेव्हापासून पाहते आहे, बोलणी ठरली की ते तसं करतात. “देवमन,” ते म्हणाले, “पंचांग आण. नेटवरचं नको. घरातलं आण.”

चहा झाला, चिवडा झाला. निघताना खुशालराव मला म्हणाले, “बाई, हे लग्न आता तुह्या बोलण्यावर ठरलं. साक्षगंधाले तू समोर बसशीन. अन् पुढं काई झालं तं मी याले फोन नाई करणार. तुले करीन.”

“मी फक्त जे पाहिलं ते सांगितलं.”

“हौ. म्हणून.”

परतीच्या बसमध्ये किशोर खूश असेल असं मला वाटलं होतं. तो फुगून बसला होता. बोरगाव मंजू मागे पडलं.

“समद्यायसमोर घोरते म्हणाली,” तो अखेर म्हणाला. “सासऱ्यासमोर.”

“लग्न ठरलं ना?”

“ठरलं. पण ते ज्ज्ज्ज कशाले सांगाचं? तेवढं सोडून बाकी सांगतलं असतं तरी ठरलं असतं.”

“कदाचित,” मी म्हणाले. “दोन्ही प्रकारे करून पाहता आलं असतं तर खात्रीने सांगता आलं असतं.”

त्याने खिडकीकडे तोंड केलं. आता तेल्हाऱ्यात, अकोटात, परतवाड्यात लोक त्याला डावखुरा पिचर समजत राहतील, कारण ते लेख आम्हाला पुसता येणारे नव्हते. त्याची त्याला फिकीर नव्हती. खोटं त्याला चाललं होतं. लागलं ते खरं.

माझा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. सीमाचा मेसेज. तिने देवमनकडून माझा नंबर मिळवला होता.

‘ताई, मघाशी घाईत बोलल्या तुमी. अजून काय काय आहे? समदं सांगा. चांगलं असन तेही.’

किशोरने मान वळवली. “कोणाचा आहे?”

“माझा.”

“सीमाचा आहे नं? काय म्हणते? मंजुषा, काय लिहून राह्यली तू?”

मी फोन तिरका धरला. चांगलंही बरंच होतं, ते आधी घ्यावं की नंतर एवढाच प्रश्न होता. मूर्तिजापूर येईपर्यंत मी लिहीत होते.